शिवणीतील माया

कार्तिक पौर्णिमा होऊन गेलेली असते. चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झालेले असतात आणि घराघरांतून लग्नपत्रिका निघू लागतात. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यामागील एखाद्या बोळात, शिंप्याच्या दुकानातील पडद्याआड, नवरी मुलगी श्वास रोखून उभी असते. आई मागून ब्लाउजच्या दोन्ही कडा ओढून पाहते. पण हूक लागत नाही. दीड बोटाचे अंतर उरतेच. लग्न दहा दिवसांवर आलेले असते.

माप चुकलेले नसते; मापाचा दिवस चुकलेला असतो. मुलीने पर्युषणात अठ्ठाई केली होती. पारणे होऊन पाचच दिवस झाले असताना, घाईघाईने, तिचे माप दिले गेले. आठ उपवासांनी उतरलेले अंग पुढच्या महिना-दीड महिन्यात पूर्ववत झाले. मध्ये दिवाळीही होऊन गेली.

“आठ दिवस जेवण कमी करते, म्हणजे होईल बरोबर,” मुलगी म्हणते. सोबत आलेली दादी बाकावरूनच उत्तर देते, “बेटा, अठ्ठाई केलीस ती आत्म्यासाठी. आता हे आठ दिवस कोणासाठी करणार? ब्लाउजसाठी?”

मास्तर ब्लाउज उलटा करतात, बाजूच्या शिवणीवर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, “भाभी, काळजी करू नका. आत माया ठेवली आहे.”

असे दृश्य दर लग्नसराईत कुठे ना कुठे दिसते. फरक एवढाच, की काही ठिकाणी आत माया असते आणि काही ठिकाणी नसते.

मराठी शिवणकामात शिवणीच्या आतल्या बाजूला जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. जैन तत्त्वविचारात माया हा चार कषायांपैकी एक. तेथे तिचा अर्थ कपट. शिंप्याची माया मात्र अगदी उलट स्वभावाची आहे. ती दिसत नाही, मिरवत नाही, पण अंग बदलले तर कापडाला बदलण्याची मुभा देते. लग्नाच्या पोशाखाची सारी पूर्वतयारी या एका गोष्टीभोवती फिरते: कापडात, वेळेत आणि मनात पुरेशी माया राखणे.

मुहूर्तापासून मागे मोजलेले दिवस

व्यापारी घराला तारखांचा हिशेब शिकवावा लागत नाही. पण पोशाखाचा हिशेब मात्र बहुधा पुढून मागे मांडला जात नाही. चातुर्मासात लग्ने होत नाहीत. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास, म्हणजे गुजराती घरांतील कमुरता, लागला की मकर संक्रांतीपर्यंत पुन्हा खंड पडतो. त्यामुळे कार्तिक पौर्णिमेपासून कमुरत्यापर्यंतच्या थोड्या दिवसांत मुहूर्तांची दाटी होते. त्याआधीच्या काळात नवरात्र आणि दिवाळी येते. शिंप्याकडे त्याचीही गर्दी असते. जरदोजीचे आणि आरीचे काम करणारे अनेक कारागीर परप्रांतातले. सणाला ते गावी जातात. म्हणून मार्गशीर्षातील लग्नासाठी घागऱ्याचे कापड आषाढातच निवडलेले बरे. भरतकामाला लागणारा वेळ कमी करता येत नाही. कमी होतो तो केवळ शिवणीचा आणि ट्रायलचा वेळ. आणि पुढे चूक उघडी पडते ती नेमकी तेथेच.

ज्याला सगळे ट्रायल म्हणतात ती अजमावणी किमान तीनदा व्हावी. पहिली कच्च्या टाक्यांवर, भरतकाम झालेले तुकडे पक्के जोडण्यापूर्वी. शक्य असेल तर त्याही आधी साध्या सुती कापडाचा नमुना-ब्लाउज शिवून घ्यावा. त्याचा खर्च किरकोळ असतो आणि महागड्या कापडावर कात्री चालण्यापूर्वी गळा, मुंढा आणि बाही यांचे दोष कळतात. दुसरी ट्रायल अस्तर आणि पक्की शिलाई झाल्यावर. तिसरी लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी. त्याहून लवकर केली तर अंगात पुन्हा फरक पडण्याची शक्यता राहते. त्याहून उशिरा केली तर दुरुस्तीला सवड राहत नाही.

तपाचा काळ मापाच्या वेळापत्रकात धरायलाच हवा. अठ्ठाईत आठ दिवस फक्त उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी, घेतले जाते. त्यात उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि नेहमीचा आहार सुरू झाला की ते वजन बरेचसे परत येते. तेव्हा कापडाची निवड आणि नमुना-ब्लाउज पर्युषणापूर्वी, आणि कापणीचे अंतिम माप पारण्यानंतर चार-पाच आठवड्यांनी, असा क्रम योग्य ठरतो. दिगंबर परिवारांत दशलक्षण पर्वातील उपवास वा एकाशने झाली असतील, तर अनंत चतुर्दशीनंतर तितकेच थांबावे. घरातील आई किंवा दादी वर्षीतप करीत असेल, तर तिच्या पोशाखाकडेही लक्ष हवे. तेरा महिन्यांच्या त्या तपात अंग हळूहळू उतरते आणि अक्षय तृतीयेच्या पारण्यानंतर पुन्हा भरते. वैशाखातल्या लग्नासाठी फाल्गुनात दिलेले माप तिलाही दगा देऊ शकते.

ट्रायलची पिशवी

ट्रायलला जाताना रिकाम्या हाताने जाणे ही सर्वांत सामान्य चूक. लग्नाच्या दिवशी जे अंतर्वस्त्र घालायचे, तेच घालून माप द्यावे. अन्यथा छातीचे टक्स खाली-वर होतात आणि दोष मात्र शिंप्याच्या माथी येतो. साडी असेल तर त्याच दिवशीचा परकर, घागरा असेल तर आतला कॅनकॅन, ओढणी आणि ओढणी लावण्याच्या पिना सोबत असाव्यात. गळ्यातला मोठा हार घरातून नेणे सुरक्षित वाटत नसेल, तर त्याची लांबी-रुंदी कागदावर कापून न्यावी. गळ्याची खोली त्या कागदावरून ठरवता येते. हातात भरगच्च चुडा किंवा बांगड्या येणार असतील, तर बाहीची लांबी त्या धरून मोजावी.

पादत्राणांचा प्रश्न जैन लग्नात जरा वेगळा आहे. स्वागत-समारंभात नवरी उंच टाचेवर उभी असते, पण फेऱ्यांच्या वेळी ती अनवाणी असते. 3 इंच टाच धरून शिवलेला घागरा मंडपात पायाखाली येतो आणि नवरी अडखळते. अनवाणी उंची धरून शिवला तर स्वागत-समारंभात तो आखूड दिसतो. यावर सरळ उपाय म्हणजे टाच कमी ठेवणे. उंची द्यायचीच असेल तर नेफ्यात पक्क्या बंदाऐवजी नाडी घ्यावी, म्हणजे घागरा अनवाणी चालताना कमरेवर थोडा वर बांधता येतो. विधी आणि समारंभ यांसाठी वेगळे पोशाख असतील, तर प्रत्येकाची ट्रायल त्या-त्या पायताणासह किंवा पायताणाविना व्हावी.

ट्रायलमध्ये नुसते आरशासमोर ताठ उभे राहून काही कळत नाही. वरमाला घालताना हात वर जातो, तेव्हा ब्लाउजही वर सरकतो का, ते हात उंचावून पाहावे. पाटावर मांडी घालून बसावे. बसल्यावर पोट आणि कंबर उभे असतानापेक्षा अधिक घेर मागतात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्यासाठी वाकून पाहावे; पुढचा गळा किती सैल सुटतो, ते तेव्हाच दिसते. जिना चढून-उतरून पाहावा. भरजरी घागऱ्याचे वजन आठ-दहा किलोंपर्यंत जाते आणि ते सारे कमरेवरच्या एका पट्टीवर येते. म्हणून ती पट्टी रुंद आणि आतून मऊ असावी. शेवटची गोष्ट म्हणजे ट्रायल जेवून करावी. उपाशीपोटी नेमका बसलेला ब्लाउज लग्नाच्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी घाईने दोन घास घेतल्यावर, तासातासाने अधिक आवळू लागतो.

कापड काय ऐकते आणि काय ऐकत नाही

प्रत्येक कापड सारखी दुरुस्ती स्वीकारत नाही, हे कात्री लावण्यापूर्वीच समजून घ्यावे. रेशीम आणि सॅटिन उसवले की सुईची भोके आणि जुन्या शिवणीची रेघ मागे राहते. मखमलीची लव दाबली गेली की तेथे खूण उमटते. जाळीच्या कापडात आतली माया बाहेरून दिसते, म्हणून ती अस्तराच्या आड लपवावी लागते. बांधणीच्या कापडावर कडक इस्त्री फिरवली तर तिच्या गाठींचा उठाव सपाट होतो. जरदोजीचे मणी आणि तारा शिवणीच्या रेषेवर आल्या तर मशीनची सुई तुटते. म्हणून बाजूच्या शिवणीलगतची पट्टी भरतकामाविना ठेवायला कारागिराला आधीच सांगावे. काखेखालचा तो भाग कोणाच्या नजरेस येत नाही, आणि पुढे ब्लाउज मोठा करावा लागला तर उघडी पडणारी पट्टी विजोड दिसत नाही.

मायेचे गणित सोपे आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच बाहेर सरकवल्या, तर पुढचा व मागचा भाग मिळून घेर 2 इंचांनी वाढतो. त्यासाठी आत प्रत्येक थराला किमान 1 इंच कापड हवे. मात्र ही माया बाहीतही हवी आणि अस्तरातही हवी. मुख्य कापडात ती ठेवून अस्तर काटेकोर कापले, किंवा अंग वाढवले आणि बाही तेवढीच राहिली, तर दुरुस्ती तेथेच अडते. मोठे करणे मायेवर अवलंबून असते; लहान करणे तुलनेने सोपे. खांद्याची उतरण आणि मुंढ्याची गोलाई मात्र एकदा चुकली की सुधारणे अवघड. हीच गोष्ट नवऱ्या मुलाच्या शेरवानीला लागू आहे. तिची कंबर आत-बाहेर होते, बाहीची लांबी बदलते. खांदा मात्र पहिल्या ट्रायललाच अचूक बसला पाहिजे.

जैन परिवारांत आणखी एक पेच असतो. नवरीची सर्व वस्त्रे एका घरातून, एका वेळी येत नाहीत. गुजराती जैन परिवारांत पांढऱ्या पोताचे, लाल काठाचे पानेतर मामाकडून मोसाळ्यात येते. बांधणी आणि जरीच्या चौकटींचे घरचोळे सासरकडून येते. बारा चौकटींचे ते बारबाग आणि बावन्न चौकटींचे ते बावनबाग. मारवाडी घरांत मामाचा मायरा असतो. मानाने येणारे हे वस्त्र अनेकदा लग्नाच्या एक-दोन दिवस आधी हाती पडते आणि मग त्यावरचा ब्लाउज रातोरात शिवण्याची वेळ येते. मामाच्या मानाला कोठेही उणेपणा न आणता हे टाळता येते. कापडाचा रंग आणि काठाची रुंदी दोन महिने आधी विचारून घ्यावी. ब्लाउजचे कापड तेवढे आगाऊ मागवून घ्यावे. साडीचा फॉल-पिको कोणी करायचा, हे दोन्ही घरांनी स्पष्ट बोलावे. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर परिवारांत शालू किंवा पैठणी असते. तेथे ब्लाउजपीस साडीलाच जोडून आलेला असेल, तर तो कापण्यापूर्वी साडी एकदा अंगावर नेसून पाहावी. निऱ्या आणि पदर यांना लांबी पुरते, अशी खात्री झाल्यावरच कात्री लावावी.

रेशमाविषयीचा प्रश्नही याच टप्प्यावर विचारला जावा, ऐन वेळी नव्हे. रेशमाचा अखंड धागा मिळवण्यासाठी कोश आतल्या जीवासह उकळले जातात आणि एका साडीला असे हजारो कोश लागतात. म्हणून अनेक जैन घरांत, विशेषतः पूजेसाठी, रेशीम वर्ज्य मानले जाते. काही मुली विवाहातही ते नाकारतात. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग कोशातून बाहेर पडल्यावर धागा काढण्याची पद्धत अवलंबून अहिंसा रेशीम प्रचारात आणले. कोश एका टोकाला फुटलेला असल्याने हा धागा अखंड उकलत नाही, तो कातावा लागतो. त्यामुळे कापडाची झळाळी थोडी कमी आणि पोत थोडा जाड असतो. शिंप्याला हे आधी सांगितले तर चुण्या आणि अस्तर त्या बेताने घेता येतात. सुती-जरी किंवा चंदेरीचा सुती प्रकार हेही सुंदर पर्याय आहेत. निर्णय कोणताही असो, तो कापड घेतानाच व्हावा. माप देऊन झाल्यावर मन बदलले तर सारे पहिल्यापासून सुरू होते.

कापडाने अंगाजवळ यावे

या साऱ्या तयारीत सर्वांत नाजूक जागा कापडाची नसते, पडद्याआड उभ्या असलेल्या मुलीच्या मनाची असते. ट्रायलला आई, काकू, मामी, मोठी बहीण आणि दोन मैत्रिणी गेल्या, तर सहा जणींचे सहा अभिप्राय होतात. “दंड जरा जाड दिसतात,” “लग्नापर्यंत थोडी उतरली तर छान बसेल,” अशी सहज उच्चारलेली वाक्ये मुलगी घरी घेऊन येते आणि रात्रीचे ताट सारून ठेवते. सोबत दोघीच असाव्यात. एक जी शिवण जाणते, आणि एक जिच्यापुढे मुलगी मोकळेपणाने “हे मला टोचते” असे म्हणू शकते.

ब्लाउज बसावा म्हणून लग्नाआधीचे आठ-पंधरा दिवस अर्धपोटी राहणे ही आता वरचेवर कानी येणारी गोष्ट आहे. त्याची फळेही दिसतात. ऐन विधीत भोवळ येते, चेहरा ओढलेला दिसतो, चिडचिड होते. जैन घरांत या प्रकाराला एक फसवे आवरण सहज मिळते. उपवास ही येथे आदराची गोष्ट असल्याने, मुलगी जेवत नाही याकडे कोणाचे लवकर लक्ष जात नाही. गेले तरी कौतुकच होते. पण तप आणि उपासमार यांत अंतर आहे. तपाला पच्चक्खाण असते, त्याचा काळ ठरलेला असतो, त्यामागे कर्मनिर्जरेचा हेतू असतो आणि पारणेही जपून केले जाते. आरशातल्या आकृतीसाठी सोडलेल्या अन्नामागे यातले काहीच नसते. देहावरची आसक्ती कमी करणे हा तपाचा अर्थ. येथे तर ती वाढलेली असते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने हा भेद वेळीच, आणि प्रेमाने, बोलून दाखवणे हे शंभर सूचनांहून मोलाचे.

शिवण उसवता येते आणि पुन्हा घालता येते. त्यात कमीपणा काही नाही. शिंप्याची कला त्याचसाठी आहे.

हिशेब आणि कारागीर

शिंप्याच्या पावतीवर केवळ रक्कम आणि तारीख नसावी. माप कोणत्या दिवशी घेतले, ट्रायलच्या तारखा कोणत्या, माया किती ठेवायची, उरलेले कापड परत द्यायचे की नाही, दुरुस्तीची मजुरी वेगळी की त्यातच, हे सारे लिहून घ्यावे. उधारीची एक ओळही न विसरणाऱ्या घरांत या गोष्टी बोलण्यावर सोडल्या जातात आणि वाद तेथेच उगवतो. भाड्याचा घागरा किंवा शेरवानी घ्यायची असेल, तर त्यात कापाकापी होत नाही, केवळ टाके घालून बसवले जाते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

कारागिराच्या वेळेचाही हिशेब असतो. मणी काढून, शिवण उसवून, पुन्हा मणी लावणे हे हाताचे काम आहे. “जरासे तर आहे” असे म्हणून ते लहान होत नाही. अखेरच्या दिवशी मजुरीवर घासाघीस करण्यापेक्षा ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी देणे अधिक शोभते. रात्री-रात्री जागून दिव्याखाली शिवलेल्या कपड्यात टाका चुकतो, आणि ती चूक नवरीच्या अंगावर दिसते.

पुढच्या हातांसाठी

माया केवळ लग्नाच्या दिवसापुरती नसते. आईचे पानेतर मुलीला नेसवावे, आईचा ब्लाउज मुलीच्या अंगाने बसवावा, ही अनेक घरांतली इच्छा असते. ज्या शिंप्याने पंचवीस वर्षांपूर्वी आत कापड राखले, त्याच्यामुळे ती पुरी होते. जुन्या रेशमाचे धागे आणि जर घडीवरच तुटतात. म्हणून काही महिन्यांनी घडी मोडून निराळ्या जागी घालावी. वस्त्र जुन्या मऊ मलमलीत गुंडाळावे, प्लास्टिकमध्ये कोंडू नये. वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवली की कसर लागत नाही आणि जीवहिंसाही टळते.

दुकानात मास्तरांचे काम अर्ध्या तासात होते. दोन्ही बाजूंच्या शिवणी थोड्या उसवतात, बाहीची आतली बाजू मोकळी होते, नवी रेघ पडते. मुलगी पुन्हा पडद्याआड जाते. या वेळी हूक सहज लागतो, आणि ती हात उंचावून, मग खाली बसून पाहते. मास्तर उरलेल्या कापडाचा तुकडा, तोच दोरा, चार जादा हूक आणि मूठभर मणी एका कागदात बांधून आईच्या हाती देतात. आई त्या पुडीवर तारीख घालते आणि मुलीच्या सासरी जायच्या बॅगेत, ब्लाउजच्या घडीखाली, ती ठेवून देते.